स्ट्रिंगमधील एस्केप कॅरॅक्टर कसे हाताळावेत: नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

प्रोग्रॅमिंग शिकवताना व्हेरिएबल, लूप, फंक्शन या गोष्टी क्रमाने शिकवल्या जातात. बॅकस्लॅश, म्हणजे `\` ही उलटी तिरकी रेघ, मात्र सहसा कुणी वेगळा शिकवत नाही. स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अवतरण चिन्हांत लिहिलेल्या मजकुरात, तो पुढच्या अक्षराचा नेहमीचा अर्थ बदलतो; बॅकस्लॅश आणि ते अक्षर या जोडीला एस्केप म्हणतात. तो एखाद्या फाईलच्या पत्त्यात, अवतरण चिन्हे असलेल्या वाक्यात किंवा जेसन या माहितीची देवाणघेवाण करण्याच्या स्वरूपातील मजकुरात अचानक समोर येतो. मग बहुतेक नवशिके एक बॅकस्लॅश वाढवून पाहतात, नाही जमले तर आणखी एक वाढवतात, आणि प्रोग्रॅम चालला की तो तसाच सोडून देतात. त्या अंदाजपंचे कारभारातून सुटका व्हावी एवढ्याचसाठी हा लेख आहे. उदाहरणे पायथनची घेतली आहेत, आणि जावा, जावास्क्रिप्ट किंवा सी जिथे वेगळे वागतात तिथे ते सांगितले आहे.

लेखातील कोड देवनागरीत दिला आहे. `\एन` असे दिसेल तिथे प्रत्यक्षात बॅकस्लॅश आणि त्यापुढे इंग्रजीतील छोटे एन हे अक्षर टाइप करायचे आहे. `\टी`, `\आर`, `\यू` यांचेही तसेच. फंक्शनांची नावे अर्थातच इंग्रजी अक्षरांत लिहावी लागतात.

१. सुरुवात करण्यापूर्वी काय हाताशी हवे

- पायथन ३.१२ किंवा त्यापुढची आवृत्ती. चुकीच्या एस्केपबद्दलचा इशारा २०१६ सालच्या ३.६ आवृत्तीपासून आहे, पण तो सहसा दडलेलाच राहत असे; ३.१२ पासून तो समोर येतो.
- व्हीएस कोडसारखा एडिटर, जो स्ट्रिंगमधील एस्केप वेगळ्या रंगात दाखवू शकतो. हा रंग म्हणजे फुकट मिळणारा तपासनीस आहे, त्याच्याकडे लक्ष द्यायची सवय लावा.
- फाईल यूटीएफ-८ स्वरूपात (मराठीसह सर्व लिप्यांची अक्षरे साठवण्याची पद्धत) जतन करण्याची सेटिंग.
- पायथनचा इंटरॅक्टिव्ह शेल, म्हणजे एकेक ओळ लगेच चालवून पाहता येते.
- कळफलकाची भाषा बदलणारी कळ. इनस्क्रिप्ट कळफलकावर बॅकस्लॅशच्या कळीतून ॉ उमटतो आणि अवतरण चिन्हाच्या कळीतून ट किंवा ठ, त्यामुळे मराठी स्ट्रिंग लिहिताना ही दोन चिन्हे टाइप करण्यापुरते इंग्रजीवर जावेच लागते.

वर्डमध्ये कोड लिहू नका आणि तिथून उचलूनही आणू नका. वर्ड साध्या अवतरण चिन्हाच्या जागी वळणदार “ ” चिन्हे टाकते, आणि पायथनच्या दृष्टीने ती स्ट्रिंगची सुरुवात किंवा शेवट नसतात. एरर येते, नवशिका बॅकस्लॅश टाकत बसतो, आणि दोष असतो चिन्हाच्या वळणात.

२. फाईलमध्ये काय लिहिले आहे आणि स्मृतीत काय आहे, यातला फरक ओळखा

पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका फरकावर उभ्या आहेत. इंटरप्रिटर स्ट्रिंग वाचत असताना त्याला बॅकस्लॅश दिसला की तो पुढच्या अक्षराचा नेहमीचा अर्थ बाजूला ठेवतो आणि त्या दोहोंच्या जागी एकच अक्षर स्मृतीत ठेवतो. म्हणजे फाईलमध्ये `"\एन"` ही दोन चिन्हे असली तरी स्मृतीत एकच अक्षर असते, ते म्हणजे नवी ओळ, आणि आस्की या इंग्रजी अक्षरांना व चिन्हांना क्रमांक देणाऱ्या यादीत त्याचा क्रमांक १० आहे. `"\\"` या स्ट्रिंगमध्येही एकच अक्षर असते: बॅकस्लॅश, क्रमांक ९२. लेन फंक्शनने दोन्हींची लांबी मोजून पाहा, उत्तर १ येईल.

आता शेलमध्ये हा प्रयोग करा.

    वाक्य = "पहिली ओळ\एनदुसरी ओळ"

(व्हेरिएबलचे नाव मराठीत लिहिलेले पायथन ३ ला चालते.) नुसते `वाक्य` लिहून एंटर दाबलेत तर शेल तुम्हाला `\एन` जसेच्या तसे दाखवील, प्रिंट केलेत तर दोन वेगळ्या ओळी दिसतील. पहिल्या वेळी शेल स्ट्रिंगचे कोडमध्ये लिहिता येईल असे रूप दाखवत असतो, दुसऱ्या वेळी प्रत्यक्ष मजकूर. «माझ्या स्ट्रिंगमध्ये दोन बॅकस्लॅश कुठून आले?» हा नवशिक्यांचा प्रश्न बहुतेक वेळा इथूनच निघतो. ते दोन नसतातच. शेलने एकाचे लेखी रूप दाखवलेले असते. ते पाहून रिप्लेस फंक्शनने बॅकस्लॅश काढायला धावू नका.

३. अवतरण चिन्हांपासून सुरुवात करा

पुढील ओळ चालणार नाही, कारण दुसऱ्या चिन्हापाशीच स्ट्रिंग संपली असे पायथन समजतो.

    निरोप = "ती म्हणाली, "उद्या ये.""

एस्केप वापरून ती अशी लिहिता येते.

    निरोप = "ती म्हणाली, \"उद्या ये.\""

पण माझा सल्ला असा की पायथन आणि जावास्क्रिप्टमध्ये बाहेरचे चिन्ह बदलावे, म्हणजे एस्केपची गरजच उरत नाही.

    निरोप = 'ती म्हणाली, "उद्या ये."'

सी आणि जावामध्ये ही सोय नाही, कारण तिथे एकेरी अवतरण एका अक्षरासाठी राखीव आहे. पायथनमध्ये मजकुरात दोन्ही प्रकारची चिन्हे असतील तर तिहेरी अवतरण वापरा; त्यात नवी ओळही थेट लिहिता येते, मात्र ओळीच्या सुरुवातीला समासासाठी सोडलेल्या मोकळ्या जागा स्ट्रिंगचाच भाग होतात.

४. नेहमी लागणारे एस्केप लक्षात ठेवा

पाठ करण्यासारखे फार थोडे आहेत: `\एन` नवी ओळ, `\टी` टॅब (क्रमांक ९), `\आर` कॅरेज रिटर्न (क्रमांक १३), `\\` स्वतः बॅकस्लॅश, आणि `\"` व `\'` ही अवतरण चिन्हे. विंडोजवरच्या मजकूर फाईलींमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी १३ आणि १० असे दोन्ही क्रमांक असतात, लिनक्सवर फक्त १०. फाईलमधून वाचलेले नाव «अगदी सारखेच दिसते, पण तुलना खोटी ठरते» अशी तक्रार असेल, तर शेवटी राहून गेलेला `\आर` किंवा `\एन` हा पहिला संशयित मानावा.

ओळीच्या अगदी शेवटी टाकलेला बॅकस्लॅश पुढची ओळ याच ओळीला जोडतो. त्याच्यानंतर एक मोकळी जागा जरी राहिली तरी तो हे काम करत नाही, आणि ती जागा डोळ्यांना दिसत नाही.

५. विंडोजच्या फाईल पत्त्यांपाशी थांबून विचार करा

नवशिके सर्वाधिक अडखळतात ते इथे, आणि त्यात त्यांचा दोष नाही. अमेरिकन संगणकतज्ज्ञ बॉब बेमर यांच्या प्रयत्नांमुळे १९६१ मध्ये बॅकस्लॅश आस्कीच्या आराखड्यात आला, तो अल्गॉल भाषेतील «आणि» व «किंवा» ही चिन्हे दोन तिरक्या रेघा जोडून लिहिता यावीत म्हणून. बेल लॅब्जमधील बी या भाषेत एस्केपसाठी तारांकन चिन्ह वापरत असत. तिच्यातून डेनिस रिची यांनी सी घडवली तेव्हा ते काम बॅकस्लॅशकडे आले. पुढे १९८३ मध्ये एमएस-डॉस २.० मध्ये फोल्डरांची सोय झाली, पण साधी तिरकी रेघ आज्ञांच्या पर्यायांसाठी आधीच वापरात होती, म्हणून फोल्डर वेगळे करायला बॅकस्लॅश घेतला गेला. एकाच चिन्हाकडे दोन कामे आली, आणि त्यांची टक्कर आजही आपल्या कोडमध्ये होते.

समजा डी ड्राइव्हवर इंग्रजी नावाचे न्यू हे फोल्डर आहे आणि त्यात टेबल नावाची फाईल आहे. तो पत्ता स्ट्रिंगमध्ये थेट लिहिलात तर न्यूमधला पहिला एन बॅकस्लॅशला चिकटून नवी ओळ होतो, आणि टेबलमधला टी टॅब होतो. छोट्या ए, बी, एफ, एन, आर, टी, व्ही या अक्षरांनी सुरू होणारी सगळी फोल्डरे अशीच गुपचूप बदलतात. छोटे एक्स किंवा यू आणि मोठे एन किंवा यू यांनी सुरू होणारी मात्र लगेच एरर देतात, कारण `\यू` नंतर काही षोडशमान अंक (० ते ९ आणि ए ते एफ) यायला हवेत अशी पायथनची अपेक्षा असते. सी ड्राइव्हवरील यूजर्स या फोल्डरचा पत्ता लिहिताच येणारी, युनिकोडचा (सर्व लिप्यांतील अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीचा) उल्लेख असलेली ती गूढ एरर याच कारणाने येते: मोठ्या यूनंतर आठ षोडशमान अंक लागतात आणि तिथे असतात यूजर्समधली उरलेली अक्षरे. तुमच्या मराठी मजकुराशी किंवा फाँटशी तिचा काही संबंध नसतो.

आणखी एक सापळा वर्षाच्या नावाच्या फोल्डरांचा आहे. बॅकस्लॅशनंतर इंग्रजी अंकांत २०२४ लिहिले, तर पायथन पहिले तीन अंक अष्टमान (फक्त ० ते ७ अंकांची) संख्या म्हणून वाचतो, २०२ म्हणजे १३० क्रमांकाचे न दिसणारे अक्षर तयार करतो, आणि मागे एकटा ४ उरतो. एरर येत नाही. फाईल सापडत नाही एवढेच कळते.

यावर तीन उपाय आहेत.

    "डी:\\हिशेब\\मार्च"
    आर"डी:\हिशेब\मार्च"
    "डी:/हिशेब/मार्च"

पहिला पायथन, जावा, जावास्क्रिप्ट आणि सी या सर्व भाषांत चालतो, पण एखादा बॅकस्लॅश राहून जातो. दुसऱ्यात अवतरणापूर्वी छोटे इंग्रजी आर हे अक्षर लिहून रॉ स्ट्रिंग केली आहे. तीत बॅकस्लॅश हा नुसता बॅकस्लॅशच राहतो. मात्र रॉ स्ट्रिंगचा शेवट एकट्या बॅकस्लॅशने करता येत नाही, म्हणून `आर"डी:\हिशेब\"` ही ओळ चुकीची ठरते. तिसरा उपाय मला सर्वांत पसंत आहे: पायथनमधून फाईल उघडताना विंडोज साधी तिरकी रेघ बिनतक्रार स्वीकारतो. मोठ्या प्रकल्पात तर पत्ते हाताने जोडूच नयेत, पाथलिब या मॉड्यूलकडे ते काम सोपवावे.

६. अनोळखी एस्केपच्या भरवशावर राहू नका

वरच्या उदाहरणांतील फोल्डराचे नाव देवनागरीत आहे. एकच बॅकस्लॅश टाकून `"डी:\हिशेब"` असे लिहिले तर? `\ह` असा कोणताही एस्केप ठरलेला नाही. पायथन अशा वेळी बॅकस्लॅश तसाच ठेवतो आणि इशारा देतो. जावास्क्रिप्ट तो काही न बोलता गाळून टाकते. जावाचा कंपायलर कोड स्वीकारतच नाही, आणि जेसनचे नियमही त्याला नकार देतात. म्हणजे एका भाषेत नशिबाने चाललेली ओळ दुसऱ्या भाषेत नेली की बदलते किंवा मोडते. «चालतेय ना, मग राहू दे» हे धोरण इथे महागात पडते, कारण उद्या कुणी फोल्डराचे नाव इंग्रजीत केले की तोच कोड पाचव्या पायरीतल्या खड्ड्यात जातो. इशारा दिसला की तेव्हाच बॅकस्लॅश दुहेरी करा.

७. मराठी मजकूर `\यू` मध्ये बदललेला दिसला तर घाबरू नका

देवनागरीची अक्षरे युनिकोडमध्ये ०९०० ते ०९७एफ या षोडशमान क्रमांकांत बसतात. म चा क्रमांक ०९२ई आहे. पायथनच्या जेसन मॉड्यूलमधील डम्प्स हे फंक्शन मूळ सेटिंगमध्ये देवनागरीचे प्रत्येक अक्षर बॅकस्लॅश, यू आणि चार अंक अशा सहा चिन्हांत लिहिते. «मराठी» या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच युनिकोड अक्षरे आहेत, त्यांची ३० चिन्हे होतात. यूटीएफ-८ मध्ये तोच शब्द १५ बाइटांत मावतो. फाईल बिघडलेली नसते. लोड्स फंक्शनने वाचली की मराठी जशीच्या तशी परत मिळते. फाईल माणसांनाही वाचता यायला हवी असेल, तर डम्प्सला एन्शुअर आस्की हा पर्याय फॉल्स करून द्या आणि फाईल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असल्याचे स्पष्ट सांगा.

इथे एका उपायापासून सावध राहा. स्ट्रिंगमधले एस्केप उलगडण्यासाठी युनिकोड एस्केप नावाचे डीकोडिंग वापरण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. ते डीकोडिंग प्रत्येक बाइट लॅटिन-१ मधले अक्षर समजते, त्यामुळे इंग्रजी मजकुरावर ते बरोबर चालते आणि देवनागरीचा चुराडा करते. सल्ला देणाऱ्याने मराठीवर चालवून पाहिलेले नसते, एवढाच त्याचा अर्थ.

एस्केप रूपाचा मराठी प्रोग्रॅमरला एक मोठा उपयोगही आहे. «दुसऱ्या» हा शब्द दोन प्रकारे टाइप झालेला आढळतो: एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर (०९३१) असते, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारे झिरो विड्थ जॉइनर (२००डी). पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण पहिल्याची लांबी ७ आणि दुसऱ्याची ८ भरते, आणि तुलना केली तर ते वेगळे ठरतात. युनिकोडचे नेहमीचे नॉर्मलायझेशनही (एकाच अक्षराची वेगळी रूपे एकसारखी करण्याची प्रक्रिया) त्यांना एक करत नाही. अशा वेळी आस्की या फंक्शनमधून दोन्ही शब्द काढून शेजारी शेजारी ठेवा. अक्षरांचे क्रमांकच समोर आल्यावर फरक लपत नाही. नावांच्या याद्या जुळवताना हे तंत्र हमखास लागते.

८. मजकूर पुढे कोण वाचणार आहे ते विचारा

आतापर्यंत स्ट्रिंग वाचणारा एकच होता, पायथन. रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातील नमुने शोधण्याची भाषा), जेसन आणि एसक्यूएल (डेटाबेसला आज्ञा, म्हणजे क्वेरी, देण्याची भाषा) यांत पायथननंतर दुसरा वाचक येतो, आणि त्याचे एस्केपचे स्वतःचे नियम असतात. प्रत्येक वाचक बॅकस्लॅशचा आपापला थर खातो. पहिल्याने खाल्ल्यावर दुसऱ्यासाठी काय उरते, एवढाच हिशेब करायचा असतो.

रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये एक बॅकस्लॅश शोधायचा असेल तर त्या इंजिनाला दोन द्यावे लागतात, आणि साध्या स्ट्रिंगमध्ये ते दोन लिहायला चार लागतात. जावामध्ये रॉ स्ट्रिंग नसल्याने हे चार बॅकस्लॅश चुकत नाहीत. पायथनमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन नेहमी रॉ स्ट्रिंगमध्येच लिहा, अगदी गरज नसली तरी. `\बी` हे त्याचे उत्तम कारण आहे: साध्या स्ट्रिंगमध्ये तो बॅकस्पेस (क्रमांक ८) होतो, रॉ स्ट्रिंगमध्ये तो इंजिनापर्यंत पोहोचून शब्दाची सीमा दर्शवतो. चूक झाली तर एरर येत नाही, फक्त काहीच सापडत नाही. मराठीपुरते आणखी एक: पायथनच्या मूळ मॉड्यूलमधला `\डब्ल्यू` (शब्दातले कोणतेही अक्षर दर्शवणारी खूण) काना, मात्रा, वेलांटी यांना शब्दाचा भाग मानत नाही, त्यामुळे «मराठी» हा शब्द «मर» आणि «ठ» असा तुटून मिळतो. त्याऐवजी चौकटी कंसात ०९०० ते ०९७एफ हा पल्ला द्या; त्यात दंड आणि मराठी अंकही येतात, हे ध्यानात ठेवून.

जेसनमध्ये अवतरण चिन्हे दुहेरीच लागतात आणि स्ट्रिंगमध्ये प्रत्यक्ष नवी ओळ चालत नाही. कोडमध्ये जेसनचा नमुना साध्या स्ट्रिंगमध्ये लिहून त्यात `\एन` टाकलात, तर पायथन त्याची खरी नवी ओळ करतो आणि जेसनचा वाचक ती नाकारतो. तिथे `\\एन` किंवा रॉ स्ट्रिंग हवी. खरे तर जेसन हाताने जोडण्याचे कारणच नाही. डिक्शनरी तयार करा आणि डम्प्सला द्या.

एसक्यूएलमध्ये प्रश्न फक्त सोयीचा राहत नाही. वसई आणि गोव्याकडची डिसोझा, डिसिल्व्हा ही आडनावे इंग्रजीत लिहिताना डीनंतर एकेरी अवतरण येते, आणि स्ट्रिंगा जोडून तयार केलेली क्वेरी नेमकी तिथे तुटते. प्रमाण एसक्यूएलमध्ये ते चिन्ह दोनदा लिहून एस्केप करतात; मायएसक्यूएल बॅकस्लॅशही मानते, पण पोस्टग्रेसक्यूएल ९.१ आवृत्तीपासून साध्या स्ट्रिंगमधल्या बॅकस्लॅशला विशेष अर्थ देत नाही. हे नियम पाठ करू नका. क्वेरीत प्रश्नचिन्ह ठेवा आणि मूल्य वेगळे पाठवा.

    कर्सर.एक्झिक्यूट("... नाव = ?", (नाव,))

(एसक्यूएललाइट या डेटाबेसमध्ये प्रश्नचिन्ह चालते, इतर ड्रायव्हरांत खूण वेगळी असू शकते.) ज्या फटीतून डिसोझा या नावाने क्वेरी मोडते, त्याच फटीतून कुणी मुद्दाम घातलेली आज्ञाही आत शिरते, म्हणून हा नियम मी सवलतीचा मानत नाही. सीएसव्हीमध्येही (रकाने स्वल्पविरामाने वेगळे करणाऱ्या फाईलींत) दुहेरी अवतरण दोनदा लिहितात, बॅकस्लॅश लावत नाहीत. तिथेही सीएसव्ही मॉड्यूलच वापरावे.

९. अडकल्यावर या क्रमाने तपासा

प्रथम स्ट्रिंगची लांबी छापा आणि ती अपेक्षेशी जुळते का ते पाहा. मग रेप्र फंक्शनने तिचे लेखी रूप छापा. न दिसणारी बहुतेक अक्षरे तिथे उघडी पडतात. मजकूर मराठी असेल तर आस्की फंक्शन लावा. ही तपासणी प्रत्येक वाचकाच्या आधी आणि नंतर करा, म्हणजे बिघाड कोणत्या थरात झाला ते कळते.

जतन केलेल्या माहितीत बॅकस्लॅशांची रांग दिसली, तर ती मोजा. जेसनमध्ये एकदा बदललेल्या मजकुरात अवतरण चिन्हापूर्वी एक बॅकस्लॅश असतो. तोच मजकूर पुन्हा डम्प्समधून गेला की तीन होतात, तिसऱ्यांदा सात, चौथ्यांदा पंधरा. म्हणजे तीन दिसले तर डम्प्स दोन ठिकाणी बोलावले जात आहे, सात दिसले तर तीन ठिकाणी. आधी ती जादा जागा शोधून काढा, आणि मगच जुनी माहिती तितक्याच वेळा लोड्समधून उलट काढा. रिप्लेसने बॅकस्लॅश पुसलेत तर मजकुरात मुळात असलेले खरे बॅकस्लॅशही त्यांच्याबरोबर जातील आणि ते परत मिळवायला काही मार्ग उरणार नाही.